वन्स मोअर : टीव्हीवर पाहिलेले ‘सौभद्र’

आज संगीत नाटकाकडे वळायचे आहे, पण जरा आडवाटेने. आम्ही आज रंगमंचावरच्या ‘सौभद्रा’विषयी कमी आणि टीव्हीवरच्या ‘सौभद्रा’विषयी जास्त बोलणार आहोत. काही जण म्हणतील, हा काय विषय झाला? पण जरा स्वतःलाच विचारून बघा. आज साठीच्या आतल्या किती मराठी माणसांनी ‘सौभद्र’ नाट्यगृहात बसून पाहिले आहे? ज्यांनी पाहिले त्यातल्या बहुतेकांनी ते घरात, पडद्यावर, मध्येच उठून चहाचे आधण ठेवत पाहिले. म्हणजे एका मोठ्या परंपरेची आपली ओळख चित्रफितीतून झालेली आहे. त्या ओळखीत नेमके काय मिळाले आणि काय सुटले, हे तपासावे असे आमच्या मनात फार दिवस होते.

सुरुवात आमच्याच वाड्यापासून करतो. मुंबईला दूरदर्शन सुरू झाले 2 ऑक्टोबर 1972 ला. वर्षभराने सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र झाले आणि पुण्यातल्या गच्च्यांवर अँटेना उगवू लागल्या. सगळ्यांची तोंडे सिंहगडाकडे. आमच्या वाड्यात टीव्ही एकच, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात. लाकडी कपाटासारखा, पुढे सरकती दारे असलेला. कार्यक्रम संपला की काकू ती दारे लावून वर क्रोशाचे कापड टाकायच्या. एका संस्थेने नव्याने उभ्या केलेल्या ‘सौभद्रा’चे चित्रण एका संध्याकाळी दाखवणार होते. आम्ही तेव्हा एम.ए. होऊन नुकतेच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलो होतो. खरे सांगायचे तर आम्हाला संगीत नाटकात काडीचा रस नव्हता. आमची पिढी ‘घाशीराम’ची. फेटे, भरजरी शेले, रंगवलेला राजवाड्याचा पडदा, हे सगळे आम्हाला म्हातारे झालेले वाटे. (‘घाशीराम’ हेही पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणारे नाटक आहे, हे आमच्या डोक्यात यायला पुढे पंधरा वर्षे लागली. तरुणपणी माणसाला स्वतःच्या आवडीचा वंश दिसत नाही.)

आम्ही गेलो ते आईला जिना चढताना हात द्यायला म्हणून. सतरंजीवर पंचवीस-तीस माणसे. चित्र काळे-पांढरे, मध्येच मुंग्या. आई अगदी पुढे बसली.

रुसलेल्या रुक्मिणीची कृष्ण समजूत काढतो, ते पद आले. कृष्णाचे काम करणारे गायकनट तेव्हा पन्नाशीच्या पुढचे असतील. त्यांचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण मुद्दा त्यांचा नाही. रंगमंचावर विसाव्या रांगेतून जो कृष्ण दिसला असता, तो इथे दीड हातावर आला होता. हनुवटीखालची कातडी, रंगाखालच्या सुरकुत्या, मुकुटाची कपाळावर बसलेली कड, सगळे दिसत होते. मागे बसलेली पोरे फिदीफिदी हसली. आई मागे न बघता म्हणाली, “तोंड कशाला बघता रे, गळा बघा.” पोरे गप्प झाली, आणि आम्हीही. गळा खरोखर असा होता की तोंड विसरावे.

पद संपले. कृष्ण किंचित थांबला. त्याचा उजवा हात छातीशी अर्धा उचललेला होता आणि नजर समोर, कॅमेऱ्याच्या थोडी वर. एक-दोन श्वासांचे थांबणे होते ते. आणि त्या फटीत आई खणखणीत आवाजात म्हणाली, “वन्स मोअर!”

सगळी खोली हसली. कृष्णाने हात खाली घेतला, रुक्मिणीने पुढचे वाक्य म्हटले आणि नाटक चालू झाले. आई खट्टू होऊन म्हणाली, “ऐकत नाही मेला.”

आजचे सगळे व्याख्यान त्या दोन श्वासांबद्दल आहे असे समजा.

घरी येताना आई खूश होती. “लहानपणी सांगलीला वडिलांबरोबर पाहिलं होतं. अगदी तेच हो. अगदी तेच सौभद्र,” असे दोनदा म्हणाली. आता तत्त्वज्ञानाच्या मास्तरासमोर ‘तेच’ हा शब्द टाकणे म्हणजे मांजरासमोर लोकरीचा गुंडा टाकण्यासारखे. आपल्या दर्शनांत यावर मोठा वाद आहे. देवदत्त नावाच्या माणसाला पूर्वी कधी पाहिले, आज पुन्हा पाहिले आणि आपण म्हणालो, हा तोच देवदत्त. या ज्ञानाला प्रत्यभिज्ञा म्हणतात. नैयायिक म्हणतात, हे ज्ञान खरे आहे. तेव्हाचा आणि आताचा देवदत्त एकच आहे म्हणून तर आपण ओळखले. बौद्ध म्हणतात, छे. दिव्याची ज्योत रात्रभर तीच आहे असे वाटते, पण ती क्षणोक्षणी दुसरी असते. नखे कापली, पुन्हा वाढली. आपण म्हणतो तीच नखे. ती सारखी आहेत, तीच नाहीत. सारखेपणाला आपण तेपणा समजतो.

आईचे ‘तेच सौभद्र’ यातले कोणते? वर्गात आम्ही हे उदाहरण पुढे बरीच वर्षे वापरले, आणि गंमत म्हणजे उदाहरणापायी नाटकाचा इतिहास वाचावा लागला. तो थोडक्यात सांगतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 ला पुण्यात ‘शाकुंतल’ केले आणि दोन वर्षांनी, 1882 मध्ये, ‘सौभद्र’. या ‘सौभद्रा’चा पहिला प्रयोग झाला तेव्हा नाटक पुरे लिहूनसुद्धा झालेले नव्हते. पहिले तीन अंकच झाले. पाचही अंक पुढच्या वर्षी. म्हणजे ‘मूळ प्रयोग’ म्हणून बोट ठेवायला जावे तर तिथे अपुरे नाटक सापडते. आम्हाला हे वाचल्यावर फार बरे वाटले होते.

दुसरी गोष्ट गाण्याची. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सगळे गाणे सूत्रधाराकडे असे. पात्रे आपापली भाषणे बोलत. किर्लोस्करांनी गाणे पात्रांच्या तोंडी दिले. सुभद्रेला रडायचे आहे तर सुभद्राच गाईल. आज यात काही विशेष वाटत नाही, पण सगळे संगीत नाटक या एका फिरवाफिरवीवर उभे आहे. आणि त्या पदांच्या चाली कुठल्या? कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावण्या, कर्नाटकातून आलेल्या चाली, बायकांची गाणी. पदे शंभराच्या वर, आणि बहुतेक छोटी. संवाद जिथे तापे तिथे त्याचे पद होई, आणि पद संपले की गोष्ट पुढे सरकलेली असे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचे मन अर्जुनावर, अर्जुन संन्यासी होऊन आलेला, आणि कृष्ण सगळ्यांना खेळवतो आहे. असली खुसखुशीत घरगुती भानगड लांबलचक आलापीवर चालणारच नाही. तिला चुटचुटीत पदेच हवीत.

मग हे लांबलचक गाणे आले कुठून? ते नंतर आले. 1911 साली ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, 1916 साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. ख्याल-ठुमरीच्या बंदिशी नाटकात शिरल्या. बालगंधर्वांचा गळा, साथीला ऑर्गन आणि सारंगी, तबल्यावर थिरकवाँसाहेब. या गाण्याची चटक लागलेला प्रेक्षक जुन्या ‘सौभद्रा’ला आला तरी त्याला तसेच गाणे हवे असे. तेव्हा ‘सौभद्रा’ची पदे गाळली जाऊ लागली आणि उरलेली लांबू लागली. रात्रभर चालणारे नाटक होते, जागा होती. पुढे छोटा गंधर्वांनी कृष्णाचे एकेक पद असे रंगवले की लोक त्या पदासाठीच तिकीट काढू लागले. भानगड मागे राहिली, मैफल पुढे आली. आम्हाला यात ऱ्हास दिसत नाही, नुसता बदल दिसतो. पण तो बदल किर्लोस्करांनंतरचा आहे, हे मात्र विसरू नये.

मग बोलपट आला. नाटकगृहांची चित्रपटगृहे झाली. 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’वाल्यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ आणले, त्यात गाणी मोजकीच. ‘वन्स मोअर’ला नाके मुरडायची पद्धत साधारण या सुमाराची. शोकात बुडालेली नायिका टाळ्यांसाठी तेच पद तिसऱ्यांदा गाते, हे नव्या लोकांना हास्यास्पद वाटे. ते चूक नव्हते. पण अर्धेच बरोबर होते, त्याकडे येतो.

1943 साली मराठी रंगभूमीची शंभरी झाली आणि तिथून जुन्या नाटकांना पुन्हा उभे करण्याची हवा आली. मुंबईत साहित्य संघाचे नाट्यमहोत्सव. पुण्यात 1949 पासून जयराम आणि जयमाला शिलेदारांची ‘मराठी रंगभूमी’, जिने ही नाटके गावोगाव जिवंत ठेवली. शिलेदारांच्या घराने जे केले त्याची नीट मोजदाद अजून झालेली नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र या पुनरुज्जीवनात नाटक पुन्हा बदलले. सुभद्रा आता बाई होती. हे भाऊराव कोल्हटकरांच्या वेळच्या प्रेक्षकाला पाहवले असते की नाही, देव जाणे. वेळ रात्रभराऐवजी तीन-चार तास, कारण मुंबईकराला शेवटची लोकल पकडायची. पदे आणखी गाळली. गाळताना कुठली ठेवली? जी गाजली होती ती. म्हणजे बालगंधर्व-छोटा गंधर्व काळात जी लांबली तीच. जी छोटी पदे गोष्ट पुढे नेत, ती गेली. त्यांच्या जागी दोन-दोन वाक्यांचे गद्य आले.

आणि मग टीव्ही. वेळ आणखी कमी. जे चाळणीतून उरले होते ते पुन्हा चाळले.

आता आईचे ‘तेच सौभद्र’ बघा. 1882 चे तीन अंक, पुढचे पाच अंक, मैफलीचे रात्रभराचे, सांगलीला तिने पाहिलेले, साठीतले तीन तासांचे आणि काकूंच्या टीव्हीवरचे. नेल्सन गुडमन नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होता. 1968 च्या ग्रंथात तो म्हणतो की संगीतरचनेतला एक सूर जरी चुकला तरी तो त्या रचनेचा प्रयोगच नव्हे. त्याच्या हिशेबाने ‘सौभद्र’ आजवर कधी झालेलेच नाही! इथे आम्हाला बौद्धांची ज्योतच जवळची वाटते. ज्योत तीच नसते हे कबूल, पण एकीवरून दुसरी पेटलेली असते. मधला दुवा तुटत नाही. आईने जे ओळखले ते तो दुवा. ती चूक नव्हती.

पण टीव्हीने या ज्योतीचे काही वेगळेच केले. तिचे चित्र काढले. आधीच्या कुठल्याही बदलाने हे केले नव्हते.

थोडे थांबून एक गोष्ट सांगतो. भाऊराव कोल्हटकर म्हणजे पहिली सुभद्रा, ज्या गळ्यासाठी लोक वेडे झाले. ते वारले 1901 साली. आपल्या देशात व्यापारी तबकड्यांचे ध्वनिमुद्रण सुरू झाले 1902 साली. एका वर्षाने चुकामूक. तो आवाज कुणालाही कधीही ऐकता येणार नाही. आम्ही विद्यार्थ्यांना हे सांगायचो तेव्हा वर्गात हळहळ व्हायची, आणि ती योग्यच आहे. बालगंधर्वांच्या तबकड्या आहेत, पण तबकडी साधारण तीन मिनिटांची. रात्री पाऊण तास फुलणारे पद तीन मिनिटांत बसवलेले. तेव्हा चित्रफीत ही केवढी मोठी देणगी! दीडदोन तासांचे नाटक, चेहरे, हात, चाल. त्यातही किती टिकले? त्या काळी टेप महाग असे. बीबीसीसारख्या संस्थेनेसुद्धा साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी टेपा पुसून पुन्हा वापरल्या. तेव्हा जे चित्रण उरले आहे त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. कुणी असे समजू नये की आम्ही टीव्हीला दूषण देतो आहोत.

गेल्या वर्षी नातीने तेच चित्रण आम्हाला मोबाइलवर काढून दिले. पन्नास वर्षांनी पुन्हा तो कृष्ण. आमच्या डोळ्यांपुढे आधी आई आली, मग चित्र. पद संपले, हात अर्धा वर, दोन श्वास. आणि मग आम्हाला कळले की खोलीत तेव्हा जे कुणालाच कळले नव्हते, आईला सोडून.

ते नाटक रिकाम्या स्टुडिओत चित्रित झाले होते. समोर प्रेक्षक नव्हताच. पण तीस वर्षे त्या पदानंतर त्या माणसाने ‘वन्स मोअर’ ऐकला होता. शरीराला सवय झालेली. पद संपले की शरीर थांबते, हात तयार राहतो, नजर पिटात बसलेल्या ऑर्गनवाल्याला शोधते: काय करायचं, अंतरा घ्यायचा की पहिल्यापासून? आणि समोर दिवे, तारा आणि घड्याळाकडे बघणारी माणसे. दोन श्वास वाट पाहून त्याने हात खाली घेतला.

आता ‘वन्स मोअर’ म्हणजे काय, ते नीट बघू. नव्या नाटकवाल्यांना वाटले की तो टाळीबाजांचा आग्रह. थोडा होताही. पण तेच पद पुन्हा गाताना चांगला नट तेच गात नसे. पहिल्या वेळी जी जागा घाबरत घेतली ती आता मोकळी घेई. तान बदले, बोल बदलून येई, कधी रुक्मिणीकडे न बघता लोकांकडे बघून गाई आणि मग मुद्दाम रुक्मिणीकडे वळे, की ती पुन्हा रुसे. पहिले पद नाटकाचे असे, दुसरे त्या रात्रीचे. सांगलीचे दुसरे पद मिरजेला येत नसे. ही ज्योतीवरून ज्योत पेटण्याची जागा होती आणि पेटवणारा अर्धा प्रेक्षक होता. नाटकाचा तेपणा, म्हणाल तर, तिथे राहत होता.

नात म्हणाली, “आजोबा, पुन्हा ऐकायचंय? हे बघा,” आणि तिने बोटाने चित्र मागे ओढले. पुन्हा तेच पद. तीच तान, तीच हनुवटी. आम्ही पाच वेळा ऐकले. पाचही वेळा तेच. अगदी तेच. गुडमन असता तर खूश झाला असता.

हे सगळे आम्ही आज का काढले, ते सांगून थांबतो. चार-पाच महिन्यांपूर्वी इथल्याच एका नाट्यगृहात तरुण मंडळींनी ‘सौभद्र’ केले. मोठ्या हिमतीने केले. ऑर्गन कुठून तरी मिळवला होता. आता तो दुरुस्त करणारी माणसेही फार उरली नाहीत. कृष्ण झालेला मुलगा पंचविशीतला, तयारीचा. त्याचे गाणे सुरू झाले आणि दोन ओळींत आम्ही चमकलो. ही तान आम्हाला पाठ आहे. ही जागाही. हा श्वाससुद्धा. मुलगा चित्रफितीवरून शिकला होता, आणि काय करणार? शिकवणारे गेले, फीत राहिली. उद्या त्याच्यावरून शिकणाऱ्याला वाटेल की ‘सौभद्र’ असेच असते, पहिल्यापासून असेच होते.

पद संपले. मुलाने उजवा हात छातीशी अर्धा उचलला. नजर समोर, थोडी वर. दोन श्वास.

त्याला ते थांबणे कशाचे आहे, हे ठाऊक नव्हते. त्याने ते पदाचाच भाग म्हणून घोटले होते.

प्रेक्षक मोजून शंभर-सव्वाशे. टाळ्या झाल्या, सभ्य आणि आखूड. आम्ही मागून तिसऱ्या रांगेत होतो. आमच्या तोंडून इतक्या मोठ्याने निघाले की शेजारच्या बाई दचकल्या. “वन्स मोअर!”

मुलगा गोंधळला. रुक्मिणीने पुढच्या वाक्यासाठी तोंड उघडले होते, ते मिटले. त्याने खाली ऑर्गनवाल्याकडे बघितले. ऑर्गनवाले गृहस्थ सत्तरीचे असतील. त्यांनी मान वर केली, अंधारात आवाज कुठून आला ते शोधल्यासारखे केले, आणि सूर धरला. मुलगा पुन्हा गायला लागला. पहिली ओळ फितीतलीच. दुसऱ्या ओळीला तो चुकला. त्या जागेवर पुन्हा गाण्याची त्याची तयारीच नव्हती, कारण फितीत ते नाही. चुकला, सावरला, आणि सावरताना त्याने जी तान घेतली ती आम्ही पूर्वी कधी ऐकलेली नव्हती.